कोयता गेला, लेकरं राहिली

पहाटे ४.४५

मावशी उठतात तेव्हा गल्लीत एकाही घरात दिवा नसतो. संक्रांत होऊन आठवडा झालाय, थंडी अजून हटलेली नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांना दिवाळीपासून कुलपं आहेत. उरलेल्या घरांत माणसं आहेत ती बहुतेक दोनच वयांची: साठीच्या पुढची आणि चौदाच्या आतली. मधली जवळजवळ सगळी ऊस तोडायला गेली.

हे गाव नारायणगडाच्या पायथ्याच्या टापूत आहे. बीड जिल्ह्यातला हा गड नगद नारायण महाराजांचं स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते इथं येतात. आषाढीला गाव भरलेलं असतं, कारण तेव्हा ऊसतोड बंद असते. जानेवारीत गाव असं असतं.

मावशी पन्नाशीच्या आहेत. गावात सगळे त्यांना मावशीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. तोंडावर पाणी मारतात, स्वेटरवरून पदर घट्ट खोचतात, बॅटरी घेतात आणि निघतात. शाळा चार मिनिटांवर.

पहाटे ५.१०

जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. मागच्या पत्र्याच्या खोलीत हंगामी वसतिगृहाचा स्वयंपाक होतो. नाव वसतिगृह, पण लेकरं इथं झोपत नाहीत. आईबाप कारखान्यावर असतात तोवर त्यांनी सकाळी आणि संध्याकाळी इथं जेवायचं, दुपारी शाळेचा पोषण आहार खायचा आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपायला जायचं. कारभार शाळा व्यवस्थापन समितीचा. यंदा बेचाळीस लेकरं आहेत.

गॅस आहे, पण त्यावर फक्त भाजी. एवढ्या भाकरी गॅसवर केल्या तर टाकी आठ दिवसही पुरायची नाही. भाकरीला चूल. सरपण म्हणजे तुराट्या आणि पऱ्हाट्या. गावातले शेतकरी फुकट देतात, आणायचं आपण. तुराटी लवकर पेटते आणि लवकर विझते, म्हणून एका हातानं सारखी आत सारावी लागते. जोडीला दुसरी बाई येते, मावशींच्या भावकीतली, लहान जाऊ लागते. तिच्याकडे दुसरी चूल.

पहाटे ५.३०

आधी पाणी ऊन करायचं. थंडीत गार पाण्यानं बाजरी चिकट येत नाही, भाकर कडेनं फाटते. काठवटीत एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं. मध्ये आळं करायचं, पाणी ओतायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं. मावशी रगडताना खांदा वापरतात, मनगट नाही. मनगट वापरलं की वीस भाकरींत हात जातो, असं त्या सांगतात. मग गोळा, खाली कोरडं पीठ, उजव्या हाताची बोटं आणि डाव्या हाताचा आधार. थापता थापता भाकर स्वतःभोवती फिरते. तव्यावर टाकली की पीठ लागलेली बाजू वर, तिच्यावर ओला हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू शेकली की तवा थोडा सरकवून भाकर थेट आराला उभी करायची. ती फुगते. फुगली की डालीत. तोवर दुसरी थापून तयार.

लहान लेकराला एक, मोठ्याला दोन, कुणाला दीड. सत्तरेक भाकरी, सात किलोच्या आसपास पीठ. दोघी मिळून पावणेदोन तासांत उरकतात. मी घड्याळ बघत होतो. मावशींनी एकदाही पाहिलं नाही. बाहेर एसटीचा आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "साडेसहा झाले. भाजीला फोडणी घाल गं."

भाजी आज मेथीची, दाण्याचं कूट लावून पातळ. मेथी स्वस्त आहे तोवर मेथी. त्यानंतर बेसन, हुलगा, येसराची आमटी.

सकाळी ७.१५

लेकरं येतात ती ताटं घेऊन. प्रत्येकाचं घरचं ताट, खिळ्यानं नाव कोरलेलं. कोरलेली नावं बहुतेक आजोबांची आहेत, लग्नात आलेली ताटं ती. कानटोप्या, शाली, एकाच्या अंगात बापाचा शर्ट गुडघ्यापर्यंत. सहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला पाठकुळी घेऊन येते. तो शाळेत नाही अजून, त्याचं नाव यादीत नाही. मावशी त्याला अर्धी भाकर दुधात कुस्करून देतात. दूध घरचं, मावशींच्या म्हशीचं.

पंगत बसते. मावशी वाढत फिरतात आणि वाढताना बोलतात. "नखं काढ." "आजीचा ताप उतरला का रं?" "काल संध्याकाळी का न्हाई आला?" काल न आलेला पोरगा मान खाली घालतो. आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं, तो सोबत गेला होता. वय नऊ.

शाळेचे सर वहीत हजेरी घेतात. एखादं लेकरू सलग तीन वेळा आलं नाही की सर त्याच्या घरी जातात. आईबाप मध्येच येऊन घेऊन गेले का, हे बघायला. धाकट्याला सांभाळायला कुणी नसलं की आई मोठीला बोलावून घेते. गेल्या हंगामात तसं झालं होतं.

सकाळी ८.४०

भांडी. दोन परातींचं पाणी, राख आणि थोडी पावडर. पाणी हातपंपाचं. फेब्रुवारी संपला की पंप आचके देतो, मग टँकर.

मावशी स्वतः तेवीस हंगाम कोयत्यावर गेल्या. लग्न झालं त्याच वर्षी पहिला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. म्हणून या भागात पोराचं लग्न हंगामाच्या आधी उरकायची घाई असते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, रात्री अकरालाही चढायचं. बाळंतपणाला दोन महिने असतानाही त्या चढल्या. पाळी आली तरी चढल्या, कारण खाडा झाला की पैसे कापतात. पस्तिशीत पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. काढली. त्यानंतर कंबर कायमची धरली, हाडं दुखायला लागली. आणखी तीन हंगाम गेल्या, मग होईना.

२०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मावशींना आकडा सांगितला. त्या परात विसळत म्हणाल्या, "मोजलं ते बरं केलं. आम्हाला वाटायचं आपलंच नशीब."

सकाळी ९.५०

घंटा. प्रार्थना, प्रतिज्ञा. मावशी त्याच वेळी दुपारचा तांदूळ निवडायला बसतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीच्या पुढं १५०. वसतिगृहाची आणि घरी जेवणारी धरून पट साठच्या पुढं जातो. डाळ, तेल, तिखट-मीठ हिशेबानंच.

पोषण आहाराचं मानधन महिन्याला २५०० रुपये. आधी १५०० होतं, २०२३ मध्ये वाढलं. मिळतं वर्षातले दहा महिने. दिवसावर काढलं तर त्र्याऐंशी रुपये पडतात. रानात खुरपायला गेलं तर तीनशे हातात येतात आणि दुपारनंतर सुटी. वसतिगृहाच्या स्वयंपाकाचं वेगळं आहे, तेही हंगामापुरतं, आणि अनुदान येईल तेव्हा. मी विचारलं, मग खुरपायला का जात नाही? "वाकता येत न्हाई," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् मव्हा नातू बी यातच जेवतो."

नातू तिसरीत आहे. त्याचे आईबाप, म्हणजे मावशींचा लेक आणि सून, कर्नाटकात अथणीच्या बाजूला आहेत.

सकाळी ११.२०

बीडहून समाजकार्य शिकणारी दोन पोरं आली आहेत, एक मुलगा, एक मुलगी. क्षेत्रकार्य. फॉर्म भरून घेतात: घरी कोण असतं, रात्री कुठं झोपता, मागच्या वर्षी कारखान्यावर गेला होता का. मुलगी स्वतः पाटोद्याकडची, ऊसतोडीच्याच घरातली. फॉर्म बाजूला ठेवून ती लेकरांशी फडातलं बोलते. कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, कशी बांधतात, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, कोण बांधतं, कारखान्याचा चिटबॉय किती ओरडतो. लेकरं एकदम मोकळी होतात.

ती जे शिकते आहे त्या विद्येचं या देशातलं पहिलं महाविद्यालय अशाच एका वस्तीतल्या घरात सुरू झालं. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशननं १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उघडलं. क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे प्रमुख होते. गिरण्या-गोदीतल्या आणि मजुरीच्या कामासाठी कुठून कुठून आलेली माणसं त्या वस्तीत राहायची. त्यांच्या लेकरांना शिकायला, खेळायला, बायकांना दवाखान्याचं विचारायला ते घर होतं. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा तिथंच भरू लागली. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. लंडनमध्ये १८८४ ला टॉयन्बी हॉल, शिकागोत १८८९ ला जेन अ‍ॅडम्सचं हल हाऊस, त्याच वाटेवरचं मुंबईतलं हे घर. ती सगळी घरं माणसं जिथं येऊन पडतात तिथं उभी राहिली. इथं काम उलटं आहे. माणसं जिथून उठून जातात तिथं हे घर उभं करावं लागतं, आणि मागं राहिलेल्यांना धरून ठेवावं लागतं.

मुलीनं फॉर्म संपवला आणि मावशींसोबत तांदळाच्या पातेल्याला हात लावला. एकटीनं ते उतरत नाही.

दुपारी १.१०

खिचडी. वर कच्चा कांदा. पंगत दहा मिनिटांत उठते.

दुपारी २.१५

मावशी गिरणीत जातात. डोक्यावर पंधरा किलो बाजरी, हातात तेलाची कॅन. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, म्हणून एकदम दळून ठेवता येत नाही. किलोला पाच रुपये दळणावळ. वीज दीडला येणार होती, आलेली नाही. गिरणीच्या ओट्यावर पाच-सहा म्हातारी माणसं डबे घेऊन बसली आहेत.

त्यातले एक आजोबा. पाच नातवंडं सांभाळतात, दोन पोरांची. बहात्तरच्या दुष्काळात पहिल्यांदा कोयता हातात घेतला, म्हणाले. चाळीस हंगाम केले असतील. आता त्यांची दोन्ही पोरं त्याच रस्त्यानं जातात. "मी गेलो तव्हा ही दोघं गाडीत व्हती. शाळा न्हाई, काही न्हाई. ही पाच इथं हायेत." बोट शाळेकडे.

वीज तीनला आली. दळण घेऊन मावशी किराणा दुकानात थांबल्या. शेंगदाणे दोन किलो, हळद, गूळ एक ढेप. दुकानदारानं वहीत लिहिलं. वसतिगृहाचं खातं वेगळं आहे, पान जवळजवळ भरत आलंय. अनुदान आलं की सर फेडतात. दुकानदार आजवर नाही म्हणालेला नाही. त्याची भाची याच पंगतीत जेवते.

दुपारी ४.४०

शाळा सुटली. वसतिगृहाची लेकरं थांबतात. आज फोनचा दिवस आहे. सर आपला मोबाइल व्हरांड्याच्या कठड्यावर उभा करतात, पाण्याच्या तांब्याला टेकवून. एकेका घराला दोन-तीन मिनिटं. वेळ हीच, कारण पहाटे चारपासून तोडायला लागलेली माणसं या सुमाराला मोळ्या बांधून गाडीची वाट बघत असतात. रेंज असली तर चित्र, नाहीतर नुसता आवाज.

मावशींच्या नातवाचा नंबर आला. चित्र आलं. मागं उसाची भिंत, पुढं सुनेचा चेहरा, डोक्याला फडकं, गालावर पाचटानं कापलेलं.

"जेवलास का?"

"व्हय."

"काय व्हतं?"

"मेथी. अन् खिचडी."

"आजीला तरास देऊ नको. स्वेटर कुठंय?"

"हाय की घातलेलं. मम्मी, कव्हा येता?"

"पट्टा पडला की."

"कव्हा पडंल?"

तिकडून कुणीतरी हाक मारली. गाडी आली होती. चित्र हललं, आभाळ दिसलं, फोन बंद झाला. नातवानं मोबाइल पुढच्याला दिला.

पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं. मार्चअखेर, कधी एप्रिल. पण सुनेचं घरी येणं उचलीवरही आहे. लेकाच्या कोयत्यानं यंदा एक लाखाची उचल घेतली आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला, त्याआधी २७३ होता. तोच दर धरला तर, जोडी दिवसाला दोन टन तोडते, म्हणजे ७३२ रुपये. लाख फिटायला २७३ टन ऊस लागतो. रोज दोन टन धरले तर एकशे सदतीस दिवस, एकही खाडा न करता. ताप आला, पाऊस पडला, गाडी आली नाही, ते दिवस वेगळे. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. हा हिशेब मी मावशींसमोर मांडला नाही. त्यांनी तेवीस वेळा केलेला आहे.

संध्याकाळी ५.४५

पुन्हा चूल. पुन्हा पीठ. संध्याकाळी भाकरी थोड्या कमी, जोडीला भात. आमटी येसराची. आजच्या दिवसात मावशींच्या हाताखालून, दुसरीच्या धरून, शंभराच्या वर भाकरी गेल्या. उजव्या हाताची दोन बोटं संध्याकाळी सरळ होत नाहीत. त्या मधूनमधून ती डाव्या हातानं ओढून सरळ करतात आणि पुढची थापतात.

लेकरं अभ्यासाला बसलीत. सर मोठ्यांकडून पाढे म्हणवून घेतात. सहावीतली ती मुलगी भावाला मांडीवर घेऊन गणित सोडवते. हुशार आहे, सर सांगतात. पुढच्या वर्षी सातवी, मग इथली शाळा संपली. आजीला रात्रीचं दिसत नाही. "वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवावी?" असं तिची आई दिवाळीत सरांना म्हणाली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशी ते चोविशीच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ चव्वेचाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यातल्या पुष्कळ जणींच्या आयांना त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसणार.

वाटा आहेत. जिल्ह्यातल्याच शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी शांतिवन उभं केलं, ऊसतोड कामगारांची लेकरं तिथं बारा महिने राहून शिकतात. शासनानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं एक, मुलींचं एक. भगवानबाबा आधी याच नारायणगडावर होते, पुढं त्यांनी भगवानगड उभा केला. सरांनी दोन्हीकडचे अर्ज आणून ठेवलेत. मुलीनं आपल्या अक्षरात भरलेत. पालकाची सही बाकी आहे, ती कारखान्यावर आहे.

रात्री ७.३०

पंगत. दिव्याखाली किडे येतात म्हणून ताटावर हात धरून जेवतात. गावातल्या देवळात हरिपाठ सुरू झालाय. जेवणारे म्हातारे नाहीत, पण तीन आज्या दाराशी बसून आहेत. लेकरांना न्यायला आल्यात. मावशी त्यांनाही एकेक भाकर आणि आमटी देतात. हिशेबात बसत नाही. सरांना माहीत आहे.

रात्री ८.१०

मोठी पोरं लहानांना गल्ल्यांतून घरी सोडतात. त्यांची तीन टोळकी, बॅटरी प्रत्येकी एक. सहावीतली मुलगी आणि तिचा भाऊ आजीकडे न जाता मावशींच्या घरी येतात. आजी आठवडाभर अंथरुणाला आहे. मावशींच्या खोलीत आता नातू धरून तीन लेकरं. दोन गोधड्या आणि एक सतरंजी.

रात्री ९.१५

मावशी आणि सर ओट्यावर वही घेऊन बसतात. पीठ किती, तेल किती, उद्या काय. उद्या बुधवार, भाजी आणायची, शंभर रुपयांत बसवायची. सर लिहितात, मावशी सांगतात. मावशींना लिहिता येत नाही, पण बेचाळीस लेकरांपैकी कोण किती भाकरी खातं हे त्यांना तोंडपाठ आहे.

मी विचारलं, काय बदललं तर हे काम सोपं होईल? वाटलं होतं, मानधनाचं बोलतील. बोलल्याच, ते वाढलं पाहिजे म्हणाल्या, आणि महिन्याच्या महिन्याला मिळालं पाहिजे. पण त्याआधी त्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली. यंदा गाड्या गेल्या दिवाळी झाल्या झाल्या. चूल पेटली त्यानंतर वीस दिवसांनी. मंजुरी यायची होती. गाड्या निघताना सात लेकरं आईबापांसोबत निघून गेली, कारण मागं कोण खाऊ घालणार हे ठरत नव्हतं. ती सात आता फडात वाढं बांधतात. शाळेच्या पटावर त्यांची नावं आहेत.

हंगाम कधी सुरू होतो हे बीड जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. कारखान्याला असतं, मुकादमाला असतं, शासनालाही असतं. हंगामी वसतिगृहाची मंजुरी आणि पहिला पैसा दसऱ्याच्या आत शाळेत आला पाहिजे. गाडी दारात उभी राहण्याआधी चूल पेटलेली दिसली, तर आई लेकराला खाली उतरवते.